प्राथमिक शाळेतली मुलं आणि हालचाल: ‘मला पळता येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाचं काय करावं?

रानजाई
मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत. पुस्तकं, चित्रं, ठोकळे यात तासन्‌तास रमतो. टीव्ही-मोबाईल अगदी थोडा, त्यामुळे कृपया ‘मोबाईल काढून घ्या’ हा सल्ला नको, तो मुद्दाच नाहीये. मुद्दा असा की तो हलतच नाही. शाळेत आठवड्याला पीटीचे दोन तास, त्यातला एक बऱ्याचदा राहिलेला धडा पूर्ण करण्यात जातो. फुटबॉलच्या क्लासला घातलं तर तिथे रेषेच्या कडेला उभा राहायचा, चेंडू आला की बाजूला व्हायचा. तिथले सर म्हणाले याला इंटरेस्ट नाही. घरी येऊन मला म्हणाला, ‘आई, मला पळता येत नाही.’ डॉक्टरांनी तपासलंय, तब्येत उत्तम आहे, वजनही ठीक.

मला त्याला खेळाडू बनवायचं नाहीये. पण जिना चढून धापा टाकणारं, कुणी चेंडू फेकला की डोळे मिटणारं मूल बघून आत कुठेतरी तुटतं. जबरदस्ती करावी का सोडून द्यावं? रोज किती हालचाल पुरेशी म्हणायची? आणि पहिली ते चौथीच्या वयात तुमच्याकडे नक्की कशाने फरक पडला ते सांगा, म्हणजे खरोखर केलेलं.

चिमणपाखरू
वाचतेय. आमच्याकडे मुलगी आहे, बाकी सगळं शब्द न शब्द तेच.

शिट्टीवाले_सर
रानजाईताई, मी प्राथमिकला पीटी शिकवतो. तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुमच्या मुलाचं आहे. ‘आवडत नाही’ असं तो म्हणत नाहीये, ‘येत नाही’ म्हणतोय. आणि त्याचं बरोबर असण्याची शक्यता खूप आहे.

पळणं, उडी मारणं, लंगडी घालणं, फेकणं, झेलणं, लाथ मारणं, तोल सांभाळणं या गोष्टी वय वाढलं की आपोआप येतात असा समज आहे. थोड्याफार येतात, पण नीट यायला शिकवाव्या लागतात आणि भरपूर कराव्या लागतात. ज्या मुलांना अंगण, मोठी भावंडं, मोकळी जागा मिळते त्यांचं हे नकळत होऊन जातं. ज्यांना मिळत नाही ती मुलं सहाव्या-सातव्या वर्षी क्लासला येतात आणि तिथे हे सगळं येतंच असं धरून एकदम पासिंग, ड्रिब्लिंग सुरू होतं. अक्षरओळख नसताना धडा वाचायला दिल्यासारखं आहे ते. मग मूल कडेला उभं राहतं, आपण म्हणतो इंटरेस्ट नाही.

फुटबॉल काही महिने बाजूला ठेवा. घरी फुग्यापासून सुरुवात करा. फुगा हळू येतो, डोळे मिटावे लागत नाहीत, हाताला लागला तरी दुखत नाही. मग पातळ रुमाल किंवा ओढणीचा तुकडा वर उडवून झेलायचा. मग मोठा मऊ चेंडू दोन्ही हातांनी, अगदी जवळून. मग छोटा. प्रत्येक पायरीवर मजा येतेय तोवर राहायचं, पुढे जायची घाई नाही. फेकताना उलटा पाय पुढे टाकायला शिकवा (उजव्या हाताने फेकत असेल तर डावा), एवढ्याने फेक एकदम सुधारते आणि मुलाला ती सुधारलेली दिसते.

अजून एक, हे शाळेवाल्यांसाठी पण आहे. ‘आऊट झाला, बाहेर बस’ वाले खेळ. त्यात सगळ्यात आधी आऊट कोण होतं? ज्याला येत नाही तो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात जास्त वेळ बसतो आणि ज्याला आधीच येतं तो शेवटपर्यंत खेळतो. माझ्या तासाला आऊट झालेला बाहेर जात नाही. पाच बेडूकउड्या मारून परत आत येतो, नाहीतर दुसऱ्या टीममध्ये जातो. तसंच एक चेंडू आणि तीस मुलांची रांग हा प्रकार मी पूर्ण बंद केलाय. पूर्ण तासात एका मुलाच्या हातात चेंडू किती वेळा येणार, सांगा बरं.

झुळूक
सर, हे ‘बाहेर बस’ वाचून अगदी पोटात कालवलं. मी तीच मुलगी होते जी पहिल्या मिनिटाला आऊट व्हायची.

सांधेजोड
फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे ‘किती पुरेसं’ याचं उत्तर मी देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ५ ते १७ वयासाठी असं सांगतात की आठवड्याची सरासरी काढली तर रोज किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं मजबूत करणारं काहीतरी त्यात असावं. म्हणजे उड्या, चढणं, लोंबकळणं वगैरे. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, जोरदार म्हणजे दोन-चार शब्दांच्या वर बोलताच येत नाही. घरी मोजायला एवढं पुरे, घड्याळं-बिड्याळं नकोत.

आता यातली गोम. ६० मिनिटं म्हटलं की आईबाबांच्या डोळ्यासमोर सलग तासभराचा क्लास येतो. मुलं तशी हलतच नाहीत. १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक छान अभ्यास आहे, ६ ते १० वर्षांच्या मुलांचं दर तीन सेकंदांना निरीक्षण करून नोंदी केल्या होत्या. जोरदार हालचालीचे निम्मे तुकडे तीन सेकंदांतच संपत होते! पळाला, थांबला, खाली वाकून मुंगी बघितली, पुन्हा पळाला, कुणाच्या तरी मागे लागला, बसला. दिवसभर हे चालू. मोठ्यांना हा धसमुसळेपणा किंवा चंचलपणा वाटतो, पण या वयाची नैसर्गिक चाल हीच आहे. त्यामुळे सात वर्षांच्या मुलाला ‘चल, आपण अर्धा तास जॉगिंग करू’ म्हटलं आणि तो पाच मिनिटांत कंटाळला तर त्यात त्याचं काही चुकत नाही. दहा मिनिटं सकाळी, सुट्टीत पंधरा, येताना चालत, संध्याकाळी खाली, असे तुकडे जोडले तरी दिवस भरतो.

आणि उड्यांना कमी लेखू नका. उडी मारून पाय जमिनीवर आपटतो त्या दणक्याने हाडाला घट्ट व्हायचा इशारा मिळतो. वयात येण्याच्या आधीची आणि आसपासची वर्षं हाडांसाठी फार मोलाची असतात. दोरीच्या उड्या, पायरीवरून उडी, लंगडी, सगळं चालतं.

हिशेबी_बाबा
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. शाळा, येण्याजाण्याचा वेळ, गृहपाठ, आंघोळ, जेवण, नऊ-दहा तास झोप. याच्यात एक तास आणायचा कुठून? दोघं नोकरी करणारे असतील तर घरी पोचेपर्यंत अंधार. आणि प्रत्येक मूल मैदानी असलंच पाहिजे का? एखाद्याला पुस्तकात आनंद मिळतो, मिळू द्या की. तिसरीपासून अभ्यासही वाढतो. माझी मुलगी वर्गात पुढे आहे, ती खेळत नाही, मला तरी त्यात संकट दिसत नाही.

रानजाई
@हिशेबी_बाबा, राग कसला. पुस्तक काढून घ्यायचं माझ्या मनातही नाही. पण पुस्तक आवडणं आणि जिन्यात धाप लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना. वेळेचा प्रश्न मात्र अगदी खरा, माझाही तोच आहे.

पिंपळपान
अभ्यास विरुद्ध खेळ अशी मांडणी झाली म्हणून लिहितो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय. २००९ च्या त्यांच्या एका प्रयोगात नऊ-दहा वर्षांच्या मुलांना २० मिनिटं ट्रेडमिलवर चालायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलं तेवढा वेळ नुसती बसली. चालून झाल्यावर लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत आणि वाचून समजण्याच्या चाचणीत ती सरस ठरली. नंतर २०१४ मध्ये त्यांनीच ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, शाळा सुटल्यावर नऊ महिने खेळांचा कार्यक्रम. त्यातल्या मुलांचा दमसास वाढलाच, शिवाय लक्ष विचलित न होऊ देणं, एका कामावरून दुसऱ्यावर मन वळवणं यातही ती पुढे गेली.

याचा अर्थ रोज पळलं की मार्क वाढतील असा कुणी काढू नये. पण खेळात गेलेला वेळ अभ्यासातून वजा होतो हे गणित इतकं सरळ नाहीये. फिनलंडच्या शाळांत ४५ मिनिटांच्या तासानंतर साधारण १५ मिनिटं सुट्टी देण्याची पद्धत कितीतरी वर्षांपासून आहे आणि मुलांना त्यात बाहेर पाठवतात.

फळा_खडू
मी वर्गशिक्षिका, तिसरी. मैदान नाही, व्हरांडा आणि एक छोटी मोकळी जागा आहे, ती पण सगळे वर्ग आळीपाळीने वापरतात. तरी सांगते काय काय होतं.

पाढे उड्या मारत. चार पर्यायांचे प्रश्न असतील तर वर्गाचे चार कोपरे म्हणजे चार पर्याय, उत्तर वाटेल त्या कोपऱ्यात जायचं (पहिल्यांदा गोंधळ होतो, मग मुलं स्वतःच ढकलाढकली न करता जायचे नियम बनवतात). शुद्धलेखनाचा कागद बाकावर न ठेवता भिंतीवर लावायचा, उठून जायचं, वाचायचं, लक्षात ठेवून जागेवर येऊन लिहायचं. याने मुलं हलतात आणि शब्दही डोक्यात धरून ठेवायची सवय लागते. व्हरांड्यात रंगाने आकडे, वळणाच्या रेषा, पावलांचे ठसे काढलेत. कुणी काही सांगावं लागत नाही, पाणी प्यायला जाताना पण मुलं त्यावरून उड्या मारत जातात.

आता मनापासून एक गोष्ट. शिक्षा म्हणून मधली सुट्टी किंवा पीटीचा तास काढून घेऊ नका. हात जोडून सांगते. गृहपाठ नाही केला, बोलत होता, शांत बसला नाही, मग सुट्टीत वर्गात बस. शांत न बसणारं मूल म्हणजे तर ज्याला हलायची सगळ्यात जास्त गरज आहे ते! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्येच स्पष्ट लिहून ठेवलंय की मधली सुट्टी शिक्षेसाठी किंवा अभ्यासाच्या कारणासाठी काढून घेऊ नये. पालकांनीही हे शाळेत विचारावं. आम्हा शिक्षकांवर पोर्शनचा दबाव असतो, पालक ठामपणे बोलले तर आम्हालाही बळ मिळतं.

चिमणपाखरू
+१. भिंतीवरच्या कागदाची आयडिया आज संध्याकाळीच करणार. एक धडा बेडरूममध्ये चिकटवते आणि वही हॉलमध्ये.

पायवाट
फळा_खडूताई, जागा नाही म्हणालात म्हणून आठवलं. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ मध्ये मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी ‘डेली माईल’ सुरू केलं. रोज १५ मिनिटं सगळा वर्ग बाहेर, पळा, चाला, गप्पा मारत जा, आपापल्या वेगाने. कपडे बदलायचे नाहीत, साहित्य नाही, नंबर नाही, शर्यत नाही. पुढे तिथल्याच भागातल्या दोन शाळांची तुलना केली, एक हे करणारी आणि एक न करणारी, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. करणाऱ्या शाळेतल्या मुलांचा दमसास सुधारला होता, बसून राहण्याचा वेळ कमी झाला होता. दोनच शाळांचा अभ्यास आहे, पण उपक्रम इतका सोपा आहे की करून बघायला काय हरकत? शाळेभोवती फेरी मारायची वाट असली तरी बास.

मैदानवेडा
सगळं वाचलं. चांगलं आहे, पण एक खटकतंय. नंबर नको, आऊट नको, शर्यत नको. मग मुलं हरायला शिकणार कधी? मी लहानपणी हरून हरूनच शिकलो. गुण मोजल्याशिवाय खेळात जीवच येत नाही, मुलांना स्वतःलाच मोजायचं असतं. सगळ्यांना विजेता ठरवलं तर मुलांनाही ते खोटं आहे हे कळतं.

शिट्टीवाले_सर
मैदानवेडा, गुण मोजायला माझा विरोध नाही. मुलं मोजणारच, मोजू द्या. माझा आग्रह एवढाच की हरलेल्याला पुढचा डाव लगेच मिळाला पाहिजे. तुम्ही हरून हरून शिकलात कारण तुम्हाला परत परत खेळायला मिळालं. तीन विरुद्ध तीन असे छोटे डाव, पाच मिनिटांत संपणारे, मग टीम बदला. एका तासात मूल तीनदा हरतं, दोनदा जिंकतं, आणि पूर्ण वेळ पळतं. दुसरं म्हणजे टीम निवडताना दोन कॅप्टन उभे करून एकेकाला निवडायला लावू नका. शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा ज्याने बघितलाय तो पुन्हा तसं करणार नाही.

मैदानवेडा
टीमवाटपाचं मान्य. पण चौथीच्या मुलांची मोठी मॅच, बघायला सगळी शाळा, शेवटच्या मिनिटाचा गोल, त्याची मजा वेगळीच, ती काढून घेऊ नका एवढंच म्हणणं. ज्याला पळायची ओढ आहे त्यालाही काहीतरी मिळायला हवं.

पिंपळपान
दोघांच्या मधलं उदाहरण स्लोव्हेनियाचं आहे. तिथे १९८० च्या दशकापासून शाळकरी मुलांची दरवर्षी शारीरिक क्षमतेची मोजणी होते, देशभर. मोजतात सगळं, पण आपलं मूल गेल्या वर्षीपेक्षा किती पुढे गेलं हे त्यातून दिसतं. स्वतःशी शर्यत.

झुळूक
बक्षिसांबद्दल कुणाचा अनुभव? मी तक्ता केलाय, रोज खाली खेळायला गेली की एक चांदणी, पाच चांदण्या झाल्या की अर्धा तास कार्टून. सुरुवातीला जोरात चाललं. आता विचारते, ‘किती मिनिटं खेळलं की खेळून झालं म्हणायचं?’ 😄

पिंपळपान
हाहा, लेक हुशार आहे! १९७३ चा एक गाजलेला प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा. बालवाडीतल्या चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर बक्षीस मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. चांदण्यांनी सुरुवात करायला हरकत नसावी, पण बक्षीस कार्टून असेल तर मुलीला कळतं की खरी मजा कार्टूनमध्ये आहे आणि खेळ हे मध्ये येणारं काम. त्यापेक्षा बक्षीसही खेळातलंच ठेवा. रविवारी टेकडी, नवी दोरी, मैत्रिणीला घरी बोलावणं.

सावलीतली
मुलींचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कुठल्याही शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत पाच मिनिटं उभं राहून बघा. मधला सगळा भाग चेंडू खेळणाऱ्या मुलांकडे, मुली कडेकडेने हात धरून फिरतायत. त्यांना कुणी मनाई केलेली नसते, पण चेंडू अंगावर येतो म्हणून त्या आपसूक बाजूला जातात, आणि पुढे आपणच म्हणतो मुलींना खेळायला आवडत नाही. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला झाडावर चढायचं असतं, पण फ्रॉक आहे. पळायचं असतं, पण बूट असे की घसरते. उलटं लटकायचं असतं तर कुणीतरी येऊन सांगतं, ‘मुलीसारखी नीट बस.’ आठ वर्षांची आहे हो ती!

मी दोन गोष्टी केल्या. फ्रॉकच्या आत कायम शॉर्ट्स आणि नीट बसणारे कॅनव्हासचे बूट, आणि कपडे मळले तर घरात कुणीही ब्र काढायचा नाही हा नियम, आजीसकट सगळ्यांना. आणि शाळेत विनंती करून मैदानाचा मधला भाग आठवड्यातले काही दिवस चेंडूशिवायच्या खेळांना ठेवून घेतला. दोरी, पकडापकडी, विषामृत. गंमत म्हणजे त्या दिवशी बरेच मुलगेही तिथेच येतात, ज्यांना फुटबॉल नको असतो ते.

रानजाई
सावलीतली, शेवटचं वाक्य माझ्या मुलासाठीच लिहिल्यासारखं वाटलं.

श्वास
आमच्या मुलाला दमा आहे. पहिलीत असताना पीटीला त्याला कायम गुण लिहायला बसवायचे, काळजीपोटीच, पण तो वर्षभर नुसता बसून होता. डॉक्टरांनी सांगितलं की दमा आटोक्यात असेल तर त्याने खेळलंच पाहिजे. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं, खेळण्याआधी पंप घ्यायचा का, किती आधी, काय दिसलं तर थांबवायचं, ती प्रत वर्गशिक्षिका आणि पीटीच्या सरांकडे. सुरुवातीला हळूहळू शरीर गरम करायचं, एकदम सुसाट सुटायचं नाही. आता तो पकडापकडीत असतो. ज्यांच्या मुलांना दमा आहे त्यांनी डॉक्टरांकडून असं लेखी नक्की घ्या, शाळेची भीती त्याने जाते.

दोनचाकी
श्वास यांना धरून. माझी भाची वॉकर घेऊन चालते. तिच्या वर्गात पकडापकडी अशी खेळतात की प्रत्येकाकडे स्पंजची लांब नळी आहे, त्या नळीने शिवायचं, आणि बाकीच्यांनी फक्त लंगडी घालत पळायचं. मुलांनी स्वतः शोधलेला नियम आहे हा. ती दमून लाल होऊन घरी येते.

चष्मिष्ट
थोडं अवांतर, पण वाचणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी. डोळे. चीनमध्ये ग्वांगझूच्या प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांनंतर त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. २०१५ मध्ये आला हा अभ्यास. इथे फायदा मुख्यतः बाहेरच्या उजेडाचा मानतात, पळण्याचा नाही. पण बाहेर काढलेलं मूल आपोआप हलतंच. रानजाई, पुस्तक घेऊनच खाली जाऊ द्या त्याला. दोन पानं वाचेल, मग काहीतरी दिसेल आणि उठेल.

आजोबा_खाली_येताय_ना
हा धागा मुलीने पाठवला म्हणून इथे आलो. मी रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी नातवाला घेऊन खाली जातो. पाऊस असेल तर जिन्याखालच्या जागेत. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मग एक मूल आलं, मग तिघं. आता मी उशीर केला तर मुलं दारावर येतात. माझा अनुभव असा की मुलांना खेळणी लागत नाहीत, सोबत लागते, आणि सोबत तेव्हाच जमते जेव्हा त्या वेळेला खाली कुणीतरी असणारच याची खात्री असते. आईबाबांना काळजी असते की पोर एकटं कसं सोडायचं, ती रास्त आहे. एक मोठं माणूस नुसतं बसलेलं असलं तरी चार घरांची काळजी मिटते. मी खेळात पडत नाही. भांडण झालं तरी लगेच उठत नाही, बहुतेक वेळा ती आपापसात मिटवतात. शक्य असेल त्या प्रत्येक इमारतीतल्या निवृत्त मंडळींनी हे करावं अशी कळकळीची विनंती.

झुळूक
आजोबा 🙏 आमच्या इमारतीत पण एक तुम्ही हवे होतात.

हिशेबी_बाबा
आजोबा, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. आमच्या मजल्यावरच दोन निवृत्त काका आहेत, विचारून बघतो. वेळेवरूनही एक सुचलं ते लिहितो. गाडी शाळेच्या दारापर्यंत न नेता अलीकडे लावून उरलेलं अंतर चालत जाता येईल, सुरक्षित फुटपाथ असेल तिथून. जाताना-येताना मिळून बराच तुकडा निघतो आणि दारातली गाड्यांची गर्दीही कमी होते. अभ्यासाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण यात अभ्यासाचं काही जात नाही.

सांधेजोड
उलट्या टोकाच्या पालकांसाठीही लिहून ठेवते, कारण माझ्याकडे ती मुलंही येतात. आठ-नऊ वर्षांचं मूल, रोज एकच खेळ, सकाळ-संध्याकाळ कोचिंग, आणि टाच किंवा गुडघ्याखाली दुखतंय. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेची मऊ जागा असते, तिथे स्नायू सतत ओढत राहिला की दुखतं. ‘सहन कर’ म्हणू नका, दाखवून घ्या. ढोबळ नियम असा सांगतात की ठरवून दिलेलं प्रशिक्षण आठवड्याला मुलाच्या वयाच्या आकड्याइतक्या तासांपेक्षा जास्त नको, म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला आठ तासांच्या आत, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळाला सुट्टी. मनाने खाली हुंदडणं यात धरायचं नाही, ते हवं तेवढं. या वयात अनेक खेळ खेळू द्या, एकाची निवड नंतर.

रानजाई
सगळ्यांचे आभार. मध्ये काही आठवडे गेले, आता सांगण्यासारखं झालंय. फुटबॉल थांबवला. त्याला स्पष्ट सांगितलं की पळणं शिकायची गोष्ट आहे, आपण दोघं शिकू. फुगा, मग रुमाल, आता मऊ चेंडूवर आलोय. डोळे मिटणं बरंच कमी झालंय.

पण खरा फरक त्याच्या नकाशांनी पडला. त्याला चित्रं आवडतात ना, मग म्हटलं खालच्या आवाराचा नकाशा काढ आणि खजिना लपव. आता तो नकाशे काढतो त्यात लिहितो ‘झाडापासून दहा लंगडी’, ‘भिंतीला हात लावून पळत परत’, ‘इथे मगर आहे, कठड्यावरून जा’. आधी मी एकटीच शोधायचे. मग शेजारची दोन मुलं आली, त्यांना नकाशा वाचता येईना म्हणून हा पुढे पळत पळत दाखवायला लागला. पळत! कुणी त्याला पळ म्हटलेलं नव्हतं.

शाळेचं मात्र तसंच आहे. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. पीटीच्या तासाबद्दल काय आणि कसं बोलू? भांडायला गेल्यासारखं व्हायला नकोय.

फळा_खडू
‘मगर आहे, कठड्यावरून जा’ उद्या वर्गात वापरणार, विचारून टाका त्याला चालेल का 😊

सभेत ‘पीटी का होत नाही’ असं विचारलं की आम्ही लगेच बचावात जातो. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. एक, राहिलेला धडा पूर्ण करायला दर वेळी पीटीचाच तास न घेता आळीपाळीने वेगवेगळे तास घेता येतील का. दोन, शिक्षा म्हणून सुट्टी काढून घेत नाही असं शाळा लेखी ठरवेल का. तीन, रोज १५ मिनिटं डेली माईलसारखं एका वर्गापुरतं सुरू करून बघता येईल का, आणि त्यासाठी आळीपाळीने एक पालक सोबत यायला तयार आहे हे तुम्हीच सांगा. एकट्या जाऊ नका, अजून दोन-तीन पालकांशी आधी बोलून जा. त्यात एखादा हिशेबी_बाबांसारखा अभ्यासाची बाजू घेणारा असेल तर फार बरं, त्याचं म्हणणं शाळा जास्त ऐकते.

हिशेबी_बाबा
मी आमच्या शाळेत बोलायला तयार आहे. पिंपळपान, ते दोन्ही अभ्यास मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पिंपळपान
केलेत.

शिट्टीवाले_सर
रानजाईताई, सभेत अजून एक विचारा: पीटीच्या तासाला एका वेळी किती मुलं हलत असतात आणि किती रांगेत उभी असतात. कुठल्याही पीटी शिक्षकाला हा प्रश्न कळतो. शाळेत चेंडू कमी असतील तर पालकांनी घरातले मऊ चेंडू, जुन्या मोज्यांचे गोळे, वर्तमानपत्र चुरगळून चिकटपट्टीने बांधलेले चेंडू दिले तरी पहिली-दुसरीला भरपूर झाले.

मुलासाठी पुढची पायरी: मऊ चेंडूवरून मोठ्या रबरी चेंडूवर जाल तेव्हा त्यात हवा थोडी कमी भरा. दबलेला चेंडू हातातून उसळून जात नाही, बोटांत धरता येतो आणि टप्पाही कमी घेतो. तो नीट जमला की मग थोडी थोडी हवा वाढवायची.

चिमणपाखरू
सर, हे दोरीच्या उड्यांचं पण सांगा ना. मुलीचा पाय दर वेळी अडकतो आणि ती चिडून दोरी फेकते.

शिट्टीवाले_सर
दोरी तिच्या हातात आत्ताच देऊ नका. आधी जमिनीवर सरळ ठेवा, तिच्यावरून इकडे-तिकडे उड्या. मग दोघांनी टोकं धरून जमिनीलगत सापासारखी हलवा, तिने ओलांडायची. मग दोघांनी हळू फिरवायची, तिने फक्त उडी मारायची. ताल बसला की मग स्वतःच्या हातात. आणि दोरी जरा जड घ्या, अगदी हलक्या प्लास्टिकच्या दोरीचा फेरा नीट पडत नाही. लांबीसाठी, दोरीच्या मधोमध पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढली की ती काखेपर्यंत यायला हवीत.